कापूस खरेदीचं वेब ॲप बनवताना कोणता कोड कुठं ठेवायचा

पहिले एक हिशोब पहा, मग लेयरचं, म्हणजे कोडच्या थरांचं, बोलू. ट्रॉली भरून आली तेव्हा काट्यावर 4860 किलो, खाली होऊन गेली तेव्हा 2520, म्हणजे कापूस झाला 2340 किलो, 23.40 क्विंटल. ओलावा निघाला 10 टक्के. भाव धरा क्विंटलला 8110, लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव. सीसीआयची (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) पद्धत अशी आहे की 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर दर टक्क्याला भाव एक टक्का कमी, अन् 12 च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. तर 10 टक्क्याला भाव पडला 7947.80 अन् पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचं बिल, झाली 1,85,978.52 रुपयांची. आता हेच गणित दुसऱ्या एका पोट्ट्यानं रिपोर्टच्या पेजवर परत लिहिलं, पण त्यानं भाव नाही कापला, वजन कापलं. 23.40 चे दोन टक्के गेले, राहिले 22.932, त्यानं दोन अंक ठेवून 22.93 केले, गुणिले 8110, झाले 1,85,962.30. फरक सोळा रुपये बावीस पैसे.

दोघांचंही गणित तसं चूक नाही, हाच तर वांधा आहे. शेतकऱ्याच्या हातात एक आकडा, मुनीमजीच्या रजिस्टरमध्ये दुसरा, अन् अशा गाड्या दिवसभर येऊन राहिल्या की हंगामाच्या शेवटी सीए विचारणारच, हा फरक कशाचा. तो नियम एकाच फाईलमध्ये असता, अन् पट्टी अन् रिपोर्ट दोघंही तिथूनच आकडा घेत असते, तर ही भानगड झालीच नसती. लेयर्ड आर्किटेक्चर म्हटलं की लोकांना वाटते बाप्पा, हे पुण्याच्या कंपन्यांचं काम. पण खेड्यातल्या जिनिंगवर तीन कॉम्प्युटर असले तरी ते लागतेच, उलट इथं जास्त लागते, कारण दुरुस्त करायला तुम्ही एकटेच असता अन् बाहेर गाड्यांची रांग असते.

हे लिहून राहिलो ते थोडं पायथन, थोडं फ्लास्क अन् कामापुरतं एसक्यूएल येणाऱ्या पोरापोरींसाठी. लारावेल किंवा स्प्रिंगवाले असाल तर नावं बदलून वाचा, बाकी सगळं तेच आहे.

तर एकूण चार जागा. सगळ्यात वर स्क्रीन, म्हणजे राऊट अन् टेम्प्लेट, जे ब्राउझरशी बोलते. त्याच्याखाली सर्व्हिस, जिथं धंद्याचे नियम राहतात. त्याच्याखाली रेपॉझिटरी, जिथं एसक्यूएल राहते. अन् सगळ्यात खाली डेटाबेस स्वतः. जिनिंगवर जसं काट्यावरचा माणूस भाव ठरवत नाही, ग्रेडर पैसे मोजत नाही, अन् कॅशियर कापसात हात घालून ओलावा पाहत नाही, तसंच हे. वरच्यानं खालच्याला काम सांगायचं, खालच्याला वरचा कोण आहे हे माहीत पण नाही पाहिजे. सर्व्हिसच्या फाईलमध्ये फ्लास्कचं नाव दिसलं की समजायचं गडबड झाली, अन् राऊटच्या फाईलमध्ये सिलेक्ट किंवा इन्सर्ट दिसलं तरी गडबडच. हे तपासायला काही भारी टूल लागत नाही, एडिटरमध्ये सर्च मारा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण मुलाखतीत पोरं यातच अडकतात. लेयर म्हणजे वेगवेगळ्या मशीन नाहीत. चारही लेयर ऑफिसातल्या एकाच जुन्या पीसीवर मजेत चालतात. मशीन वेगळ्या केल्या तर त्याला टियर म्हणतात, तो वेगळा विषय. अन् एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) म्हणतात ते पण हेच नाही, ते 1979 च्या आसपास झेरॉक्सच्या लॅबमध्ये स्क्रीनसाठी निघालं होतं, आपल्या इथं त्याचा संबंध फक्त वरच्या लेयरशी.

सुरुवात कुठून करायची

बहुतेक जण पहिले लॉगिन पेज बनवतात. नका बनवू. पहिले मुनीमजीकडून मागच्या हंगामाच्या वीस-पंचवीस पट्ट्या मागून घ्या, त्यात मुद्दाम वाकड्या पट्ट्या पाहिजे: ओलावा जास्त असलेली, दोन दिवसांत दोन खेपा झालेली, उचल कापलेली, रद्द झालेली, नावात खाडाखोड असलेली. याच पुढं तुमच्या टेस्ट होणार आहेत.

मग काट्याजवळ उभं राहून पूर्ण एक गाडी पहा, गेटपासून चुकाऱ्यापर्यंत, म्हणजे पैसे हातात पडेपर्यंत. गेटवर टोकन, मग भरल्या गाडीचं वजन, मग ग्रेडर माल पाहतो अन् मीटर लावतो, भाव ठरतो, गाडी खाली होते, खाली गाडीचं वजन, मग पट्टी, मग चुकारा. यात जिथं जिथं माणूस काही ठरवतो तिथं तिथं प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, मीटरनं 9.4 दाखवला तर काय? पुढचा पूर्ण टक्का धरून दोन टक्के कापता, मागचा धरून एक, का जेवढ्यास तेवढे 1.4? वरच्याच ट्रॉलीला लावून पाहिलं तर एक टक्का कापणं अन् दोन टक्के कापणं यात 1,897 रुपये 74 पैशाचा फरक पडते. हा निर्णय तुमचा नाही, प्रोग्रामरचा तर नाहीच नाही, तो मालकाकडून किंवा ज्याच्यासाठी खरेदी चालू आहे त्याच्याकडून लेखी घ्या. खासगी खरेदीवाल्यांची कापायची रीत आपापली राहते, म्हणून एका जिनिंगचा कोड उचलून दुसऱ्या जिनिंगवर तसाच लावायचा नाही.

डेटाबेसमध्ये काय बसवायचं

टेबलं जास्त लागत नाहीत: शेतकरी, आवक, भाव, पट्टी, चुकारा. शेतकऱ्याचं नाव प्रायमरी की करायचं नाही हे सांगायची गरज नाही पाहिजे पण आहे. आपल्याकडं एका गावात एकच आडनाव, एकच नाव अन् बापाचं नावही तेच असे दोन जण सहज निघतात. मोबाईल नंबर पण नाही चालत, कारण अख्ख्या घराचा नंबर एक राहते अन् तो पोराजवळ असते. साधा चालता आकडा ठेवा आयडी म्हणून, अन् ओळखायला गाव, बापाचं नाव हे वेगळे कॉलम. आधार नंबर पाहिजेच असेल तरच घ्या, अन् की म्हणून तर बिलकुल वापरू नका.

पैसे अन् वजन फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठणाऱ्या दशांश आकड्यात, ठेवायचं नाही. पायथनमध्ये 0.1 अन् 0.2 ची बेरीज करून पहा, 0.30000000000000004 येते. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक टाईप आहे, तो वापरा. एसक्यूलाईटमध्ये डेसिमल टाईपच नाही, म्हणून तिथं रक्कम पैशात पूर्णांक ठेवा, वजन किलोत पूर्णांक, अन् ओलावा दहापटीत, म्हणजे 10 टक्क्याला 100. वरची पट्टी अशी होते: भाव 811000 पैसे, दोन टक्के गेले, 794780, गुणिले 2340 किलो, भागिले 100, आले 18597852 पैसे. भागाकार शेवटी एकदाच, अन् राऊंडिंग पण तिथं एकदाच. स्क्रीनवर दाखवताना रुपये करा.

पट्टीच्या टेबलमध्ये भाव कॉपी करून ठेवा. भावाच्या टेबलकडं फक्त बोट दाखवून ठेवलं अन् उद्या कोणी भाव दुरुस्त केला, तर मागच्या सगळ्या पट्ट्या गुपचूप बदलून जातात. झालेली पट्टी म्हणजे झालेली पट्टी. चुकली तर रद्द असा शेरा मारायचा अन् नवी काढायची, डिलीट कधीच नाही.

मग काही गोष्टी डेटाबेसलाच पाहू द्या: खाली वजन भरल्या वजनापेक्षा कमीच पाहिजे, एका आवकीला चालू पट्टी एकच, शेतकरी नसेल तर आवक नाही. काही लोक म्हणतात सर्व्हिसमध्ये चेक आहे ना, मग परत डेटाबेसमध्ये काहून? कारण कधीतरी कोणी थेट डेटाबेस उघडून हातानं एंट्री मारणारच आहे, अन् तेव्हा तुमची सर्व्हिस झोपली राहते. अन् एसक्यूलाईटवाल्यांनो, फॉरेन की तिथं बंदच येते, प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर प्रॅग्मा लावून चालू करावी लागते, नाही केली तर तुम्ही लिहिलेल्या फॉरेन की नुसत्या शोभेच्या.

रेपॉझिटरी, म्हणजे एसक्यूएलची कोठी

हे लेयर जितकं मुकं तितकं चांगलं. आवक_आण, पट्टी_टाक, दिवसाच्या_पट्ट्या अशी फंक्शनं, प्रत्येकात एखादी क्वेरी, अन् परत साधा ऑब्जेक्ट. ओलावा जास्त आहे का, भाव बरोबर आहे का, हे इथं विचारायचंच नाही. (नावं इथं समजायला मराठीत लिहिली. पायथन 3 मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात, पण पुढच्या माणसाचा कीबोर्ड पाहून ठरवा.)

क्वेरीत व्हॅल्यू चिकटवायची नाही, पॅरामीटर म्हणूनच पाठवायची. एफ-स्ट्रिंगमध्ये नाव घालून क्वेरी बनवली की एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं, अन् हल्लेखोर तर दूरच, नावात एक अवतरण चिन्ह आलं तरी ॲप तोंडावर पडते. सगळं एसक्यूएल एका फोल्डरमध्ये असल्याचा फायदा हाच, की तपासायला तेवढंच एक फोल्डर चाळायचं.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे दिवसाची यादी. दीडशे पट्ट्या आणल्या, मग लूपमध्ये प्रत्येक पट्टीसाठी शेतकऱ्याचं नाव वेगळं आणलं, झाल्या एकशे एक्कावन्न क्वेरी. तुमच्या लॅपटॉपवर दहा एंट्रीत हे कळत नाही, जिनिंगवर डिसेंबरात कळते. जॉइन करून एकदाच आणा. अन् हे रेपॉझिटरीतच दुरुस्त होते, वरच्या कोणाला पत्ता पण लागत नाही.

सर्व्हिस: खरं काम इथं आहे

पट्टी_बनव या एका फंक्शनचं पाहू. त्याला पाहिजे काय? आवकीचा आयडी, अन् कोण करून राहिला त्याचा आयडी. बस. फ्लास्कची रिक्वेस्ट नाही, सेशन नाही, फॉर्म नाही. आत ते रेपॉझिटरीला म्हणते आवक दे, मग पाहते दोन्ही वजनं झाली का, ओलावा नोंदला का, 12 च्या वर तर नाही. मग त्या तारखेचा भाव मागते, कापलेला भाव काढते, रक्कम काढते, पट्टी टाकते, आवकीची स्थिती बदलते, शेतकऱ्याच्या खात्यात जमा करते. ओलाव्याचं गणित आणखी वेगळं काढा, कापलेला_भाव नावाचं, दोन आकडे घेणारं अन् एक परत देणारं छोटंसं फंक्शन, ज्याला डेटाबेस पण माहीत नाही. पट्टी तिथूनच जाते, अंदाज दाखवणारं पेज पण तिथूनच. रिपोर्टनं तर गणित करायचंच नाही, पट्टीत साठवलेली रक्कम वाचायची.

आता ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका गठ्ठ्यात होणारे बदल, इथं नीट लक्ष द्या. वर शेवटच्या तीन गोष्टी आहेत: पट्टी टाकणं, स्थिती बदलणं, खात्यात जमा. तिन्ही झाल्या पाहिजे नाहीतर एकही नाही झाली पाहिजे. पण बऱ्याच कोडमध्ये रेपॉझिटरीचं प्रत्येक फंक्शन शेवटी स्वतःच कमिट मारते, म्हणजे बदल पक्का करून टाकते. मग पट्टी पडली, कमिट झालं, अन् तेवढ्यात लाईन गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असला तर ठीक, नसला तर पट्टी आहे अन् शेतकऱ्याच्या खात्यात काहीच नाही, अन् तो दुसऱ्या दिवशी चुकारा मागायला आला की कॅशियर म्हणतो तुमचं तर काही निघत नाही भाऊ. म्हणून कमिट अन् रोलबॅक (बदल मागं घेणं) रेपॉझिटरीत नको, सर्व्हिसनं सुरू करायचं अन् सर्व्हिसनंच संपवायचं. कारण कोणत्या गोष्टी एका गठ्ठ्यात आहेत हे फक्त तिलाच माहीत आहे, एका टेबलापुरतं पाहणाऱ्या रेपॉझिटरीला ते कळणार कसं.

डबल क्लिक पण इथंच सांभाळा. नेट स्लो राहते, ऑपरेटर पट्टी काढा हे बटण दाबतो, काही होत नाही, परत दाबतो. बटण जावास्क्रिप्टनं बंद करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डेटाबेसमध्ये आवकीवर युनिक लावलेलंच आहे, रद्द पट्ट्या सोडून, त्यासाठी पार्शल इंडेक्स पोस्टग्रेस अन् एसक्यूलाईट दोघांतही मिळते. इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग जोडा, अन् रेपॉझिटरीनं एवढंच सांगायचं की ओळ पडली का नाही. नाही पडली तर सर्व्हिसनं आधीची पट्टी आणून तीच परत द्यायची अन् खात्यात दुसऱ्यांदा काही टाकायचं नाही. एरर येऊ देऊन मग पकडायचा हा रस्ता पण आहे, फक्त पोस्टग्रेसमध्ये एक एरर आला की ते पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद होते, रोलबॅक केल्याशिवाय पुढची क्वेरी चालत नाही, तिथं पोरं तासन् तास डोकं खाजवत बसतात.

चुकाऱ्याला आणखी एक. दोन खिडक्यांवर दोन कॅशियर, शेतकरी एका खिडकीवर अन् त्याचा भाऊ दुसऱ्या खिडकीवर, दोघांनी एकाच वेळी बाकी पाहिली तर दोघांनाही पूर्ण बाकी दिसते अन् दोघंही देऊन मोकळे. पोस्टग्रेसमध्ये खात्याची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटनं वाचा, म्हणजे दुसरा थांबून राहते. एसक्यूलाईटमध्ये ट्रान्झॅक्शन बिगिन इमिजिएटनं सुरू करा.

अन् तारीख. सर्व्हरची वेळ यूटीसी असली तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दिवाळीनंतर गाड्या रात्रीच गेटवर रांगेत लागतात, पहाटे चारला टोकन कटते, अन् ते टोकन डेटाबेसच्या हिशोबानं कालच्या तारखेत जाऊन बसते. मग आजची आवक अन् काट्याचं रजिस्टर जुळत नाही अन् सगळे काटेवाल्यावर डाफरतात. वेळ यूटीसीतच साठवा, पण आजचा दिवस कोणता हे सर्व्हिसमधल्या एकाच फंक्शननं भारतीय वेळेत ठरवायचं. भाव रोज बदलत असला तर हे आणखीच महत्त्वाचं, चुकीच्या दिवसाचा भाव लागला तर सोळा रुपयांवर नाही भागत.

स्क्रीन

राऊट फंक्शन दहा-बारा ओळींच्या वर गेलं की संशय घ्या. फॉर्ममधून आलेलं घ्यायचं, आकड्याचा आकडा करायचा, सर्व्हिसला हाक मारायची, आलेलं टेम्प्लेटला द्यायचं, खेळ खलास.

आकड्याचा आकडा करायचा हे वाटते तितकं सोपं नाही. फोनवर मराठी कीबोर्ड असला की माणूस १२ असं टाईप करतो. पायथनचा इंट ते बरोबर बारा समजते, पण जावास्क्रिप्टचं नंबर त्याला नॅन, म्हणजे हा आकडाच नाही, म्हणते, अन् एसक्यूलाईटमध्ये कास्ट केलं तर चक्क शून्य येते, एरर पण नाही. ओलावा शून्य म्हणजे पूर्ण भाव! म्हणून हे बदलणं सगळ्यात वर, आत शिरतानाच, एकदाच करा, पुढच्या लेयरला फक्त खरे आकडेच भेटले पाहिजे. तसंच बाहेर पडताना 185978.52 चं 1,85,978.52 करणं पण वरचंच काम, सर्व्हिसनं स्वल्पविराम लावलेली स्ट्रिंग परत द्यायची नाही, नाहीतर पुढं कोणीतरी तिचीच बेरीज करायला जाईल.

एररचं असं करा: सर्व्हिस आपले एरर नावानिशी फेकते, ओलावा_जास्त, वजन_अपूर्ण असे. स्क्रीन त्याचं मराठी वाक्य करते: "ओलावा 12.6 टक्के आहे, 12 च्या वर पट्टी निघत नाही." डेटाबेसचा इंग्रजी एरर जसाच्या तसा ऑपरेटरला दाखवला तर त्याला काही कळत नाही, तो फोटो काढून तुम्हालेच पाठवते, अन् टेबलांची नावं जगजाहीर होतात ते वेगळंच. तो लॉगमध्ये लिहा.

या सगळ्याचा फायदा केव्हा दिसते तर मालक म्हणतो तेव्हा, की पट्टी मोबाईलवर पण पाहता आली पाहिजे. 2025 च्या हंगामात सीसीआयनं कपास किसान ॲपवर नोंदणी आणली, तेव्हापासून शेतकऱ्यांनाही कापूस अन् मोबाईल एकत्र पाहायची सवय लागून राहिली. सर्व्हिस वेगळी असेल तर मोबाईलसाठी फक्त वरचं एक पातळ लेयर नवं लिहायचं, जेसन देणारं, खाली हात पण लावायचा नाही. गणित राऊटमध्ये लिहिलं असेल तर ते कॉपी होणार, अन् मग परत तेच सोळा रुपये.

टेस्ट, अन् लेयर कुठं मोडायचं

त्या जुन्या पट्ट्या आठवतात? आता बाहेर काढा. कापलेला_भाव ला टेस्ट करायला डेटाबेस लागत नाही, नुसते आकडे द्या अन् उत्तर पहा, शंभर टेस्ट सेकंदाच्या आत. 8.0, 8.1, 9.4, 12.0, 12.1 हे काठावरचे आकडे सोडायचे नाहीत. पट्टी_बनव ला खोटी रेपॉझिटरी द्या, जी आत नुसती डिक्शनरी ठेवते. रेपॉझिटरीच्या टेस्ट मात्र खऱ्या डेटाबेसवर, अन् प्रॉडक्शनला पोस्टग्रेस असेल तर टेस्टला पण पोस्टग्रेसच, दोघांचं वागणं बऱ्याच ठिकाणी वेगळं आहे. कागदावरची पट्टी अन् प्रोग्रामची पट्टी पैशापर्यंत जुळली नाही तर पहिले मुनीमजीला विचारा, कधी कधी कागदावरचीच चुकलेली निघते.

आता उलटं पण सांगतो. रिपोर्टला हे सगळं सोपस्कार नकोत. गावनिहाय आवक, आठवड्याची बेरीज, असल्या पेजला नियम काहीच लागत नाही, नुसतं वाचायचं आहे, तर राऊटनं थेट रेपॉझिटरीची रिपोर्टवाली क्वेरी बोलावली तर आभाळ नाही कोसळत. मधात एक सर्व्हिस फंक्शन टाकलं जे खालचं घेऊन जसंच्या तसं वर देते, त्याचा काही उपयोग नाही, वाचणाऱ्याला तीन फाईली उघडाव्या लागतात फक्त. मात्र लिहिणारं जे काही आहे, ज्यानं डेटा बदलतो, ते सर्व्हिसमधूनच गेलं पाहिजे, तिथं सूट नाही. अन् कोर्समध्ये मायक्रोसर्व्हिस (एका ॲपचे बरेच छोटे वेगळे ॲप) शिकून आला असाल तर तेवढं या कामापुरतं विसरा. एका जिनिंगला एक ॲप, एक डेटाबेस, चार फोल्डर, बम झालं.

चालवायचं कुठं, अन् जुनं असेल तर काय

ऑफिसातल्या एका पीसीवर ॲप अन् डेटाबेस, बाकी काट्यावरचा अन् कॅशियरचा कॉम्प्युटर लॅनवरून ब्राउझरनं जोडलेले, म्हणजे नेट गेलं तरी खरेदी चालू राहते. एवढ्या कामाला एसक्यूलाईट पण पुरते, वॉल (WAL) मोड चालू करा म्हणजे एक जण लिहीत असताना बाकीचे वाचू शकतात. फक्त एसक्यूलाईटची फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तीन कॉम्प्युटरवरून थेट उघडू नका, नेटवर्कवरचं लॉकिंग भरवशाचं नसते अन् फाईल खराब होते. दुसरी जिनिंग किंवा दुसरं केंद्र जोडायचं असेल तर पोस्टग्रेसवर जा. एसक्यूएल एकाच फोल्डरमध्ये असल्यानं बदल पण तेवढ्यातच, वरच्या दोन लेयरला सहसा हात लागत नाही.

बॅकअप एसक्यूलाईटच्या बॅकअप कमांडनं घ्या, चालू फाईल नुसती कॉपी-पेस्ट केली तर अर्धवट कॉपी मिळू शकते. अन् बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून कालची शेवटची पट्टी दिसते का ते पहा.

जुनं ॲप गळ्यात पडलं असेल, ज्यात राऊटमध्येच एसक्यूएल, टेम्प्लेटमध्ये गणित अन् जावास्क्रिप्टमध्ये भाव, तर पूर्ण नवं लिहायच्या भानगडीत पडू नका. पहिले नुसतं एसक्यूएल उचलून रेपॉझिटरीत न्या, एक स्क्रीन एका वेळी, वागणं काडीचंही बदलायचं नाही. मग कमिट वर सर्व्हिसमध्ये आणा. मग ओलाव्याचं गणित जिथं जिथं सापडेल तिथून काढून एका फंक्शनमध्ये, अन् ते करताना दोन जागी दोन वेगळी गणितं निघाली तर आपल्या मनानं एक निवडू नका, मालकाला दोन्ही आकडे दाखवा. हे सगळं जून ते सप्टेंबरात करायचं, जिनिंग बंद असते तेव्हा. दसऱ्यानंतर माल सुरू झाला की कोडला हात लावायचा तो फक्त भावाच्या टेबलपुरता, अन् तो पण संध्याकाळी शेवटची गाडी खाली झाल्यावर.